अकरा वाजताचा वर्ग

"गुडघा वर! अजून वर! पोतदार, तो गुडघा आहे की भिजवलेली चपाती?"

पोतदारांनी गुडघा आणखी दोन बोटं उचलला आणि माझ्याकडं बघून हसले. निवृत्त पोस्टमास्तर ते. कुणी अपमान केला तरी पोचपावती दिल्यासारखे हसायचे. त्यांच्यामागं आठ म्हातारे ओळीत उभे होते, म्हणजे मी ओळ म्हणायचो म्हणून ती ओळ. एकजण जांभई देत होता, दुसरा खांद्याच्या व्यायामात शेजाऱ्याला काल रात्रीच्या जेवणाची हकीकत सांगत होता. मी शिट्टी फुंकली. कुणी दचकलंसुद्धा नाही.

मिरजेतल्या आमच्या कॉलनीमागचं मैदान, सप्टेंबरातला सोमवार, सकाळचे सव्वासहा. याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. बत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवून निवृत्त झालो होतो. मगदूम सरांच्या शिट्टीवर आठशे पोरं एका दमात सावधान होतात, असं गावात बोललं जायचं आणि ते खरं होतं. म्हणून तर ज्येष्ठ नागरिक संघानं मला बोलावून सांगितलं, सर, आमच्या लोकांना जरा वळण लावा. पहिल्या दिवशी सेहेचाळीस माणसं आली. दोन वर्षांनी नऊ उरली.

याचा दोष माझ्याकडं असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचं मला पुरतं कळलं होतं. रात्री झोप येत नाही म्हणून दिवसभर रडायचं आणि पहाटे उठा म्हटलं की पांघरूण डोक्यावरून घ्यायचं. कुणाची कंबर धरायची, कुणाचा जावई यायचा, कुणाला थंडी बाधायची. पोरं निदान नवीनवी कारणं काढायची. यांच्याकडं तेवढीही अक्कल नव्हती. संघाच्या कार्यालयाबाहेर एक फळा होता. त्यावर वर 'गळालेले' असं लिहून मी खाली सगळ्यांची नावं खडूनं लिहून ठेवली होती. लाज वाटून परत येतील, असा माझा हिशोब. एकही आलं नाही.

त्या फळ्यावर वरच्या नावांत एक अक्काताई चौगुल्यांचं होतं. सहासष्ट वर्षांची जाडजूड बाई, धाप लागायची, पण सव्वा महिना रोज यायची. एके दिवशी उड्यांचा व्यायाम चालू असताना ती मध्येच थांबली आणि तिनं हात वर केला.

"काय झालं?" मी ओरडलो. "एक नंबर की दोन नंबर? चौथीतली पोरंसुद्धा प्रार्थना संपेपर्यंत कळ काढतात, अक्काताई!"

सगळं मैदान हसलं. पोतदार तर टाळी देऊन हसले. अक्काताईंनी पदर मागून घट्ट ओढून घेतला आणि भिंतीच्या कडेकडेनं त्या घरी गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. तीनेक महिन्यांनी कळलं की त्या न्हाणीघरात पडल्या आणि अडीच तास तशाच पडून होत्या. घरात कुणी नव्हतं. संघाच्या बैठकीत कुणीतरी हळहळलं तेव्हा मी म्हणालो, "व्यायाम सोडल्यावर दुसरं काय होणार?" दोघातिघांनी माना डोलावल्या.

त्या सोमवारी माझ्यापुढं अडचण वेगळी होती. एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. मोठे पाहुणे येणार होते आणि पत्रिकेत मी स्वतः छापून घेतलं होतं, 'चाळीस ज्येष्ठांची सामूहिक कवायत'.

वर्ग संपल्यावर पोतदार जवळ आले. "सर, पत्रिकेत चाळीस आहेत."

"मला वाचता येतं."

"आपण नऊ आहोत."

"मोजताही येतं. एकतीस आणतो. घराघरात जाऊन कान धरून आणतो. बघाच तुम्ही."

घरी आलो. पद्मानं नेहमीप्रमाणं टेबलावर पोहे ठेवले. माझी बायको. तेव्हा साठीला एक कमी. ती माझ्या वर्गाला एकदाही आली नव्हती. पहिल्या वर्षी मी बऱ्याचदा म्हणालो, मग लाज वाटायला लागली म्हणून सोडून दिलं. पी.टी. सरांचीच बायको घरात बसते, हे लोकांना काय सांगायचं? माझे गुडघे दुखतात, एवढंच तिचं उत्तर असायचं.

साडेदहाला तिनं पिशवी घेतली. "स्वाध्यायाला जाऊन येते. आमटी झाकून ठेवलीय."

आठवड्यातून तीनदा बायका कुणाकुणाच्या घरी जमून धर्मग्रंथ वाचतात, तो तिचा स्वाध्याय. मी म्हणालो, "पुस्तक वाचून गुडघे बरे होत असते तर दवाखाने बंद पडले असते."

"बरं," ती म्हणाली.

"गुडघे नव्हेत ते. आळस आहे."

"बरं," ती पुन्हा म्हणाली आणि गेली.

मीही निघालो. पहिल्या दोन घरांत फळ्यावरची माणसं भेटली नाहीत. बाहेर गेल्यात, एवढंच कळलं. तिसरं घर अक्काताईंचं. त्यांची सून दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला.

"आई न्हाईत सर. व्यायामाला गेल्यात."

मला हसू आलं. "व्यायामाला? अक्काताई?"

"जातात की. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पाऊस असू दे, पाव्हणे असू देत. परवा नणंदबाई आल्या होत्या तर त्यांना म्हणाल्या, चहा तू करून घे गं, माझी वेळ झाली."

"कुठं जातात?"

"सिस्टरांच्याकडं. शेवटचा बंगला नव्हं का तो. झालं की वर्षाच्या वर." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ती सुपाकडं बघत म्हणाली, "तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

रणभिसे सिस्टर मला माहीत होत्या. इथल्याच एका इस्पितळात पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. माझ्या वर्गाला पहिल्या आठवड्यात तीन दिवस आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "सर, इथं बाथरूम कुठं आहे?" मी म्हणालो, "हे मैदान आहे, मंगल कार्यालय नाही." त्या चौथ्या दिवशी आल्या नाहीत. नर्स असून शिस्त नाही, असं मी त्यांच्याबद्दल चार ठिकाणी बोललो होतो.

कॉलनीच्या टोकापर्यंत जाताना माझं डोकं तापत गेलं. माझी माणसं फोडली, हा एकच विचार. बंगल्याच्या पायरीवर चपलांचा ढीग होता. आतून एका बाईचा आवाज येत होता, "घाई नको. श्वास सोडा. हां." मी खिडकीपाशी थांबलो.

हॉलमध्ये खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. त्यांवर बसलेली माणसं मी मोजायला लागलो आणि सव्वीसवर थांबलो. जवळजवळ सगळी माझ्या फळ्यावरची. बहुतेक बायका, पाचसहा पुरुष. मधोमध सतरंजी होती आणि तीवर अक्काताई चौगुले उताण्या पडल्या होत्या. माझ्या मनात आलं, बघा, इथंही झोपाच काढतात.

मग त्या कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. हळूहळू गुडघ्यांवर आणि हातांवर आल्या. समोरच्या खुर्चीवर एक हात ठेवला, एक पाऊल पुढं रोवलं आणि उभ्या राहिल्या. तोंड लाल झालं होतं, पण धाप नव्हती.

"छान," रणभिसे सिस्टर म्हणाल्या. "आता कोण?"

पलीकडच्या खुर्चीवरून एक बाई उठली. अंगात निळा सलवार-कुर्ता, केसांचा घट्ट अंबाडा. ती सतरंजीवर सहज बसली, आडवी झाली, कुशीवर वळली आणि खुर्चीला हातसुद्धा न लावता उठून उभी राहिली. उठल्यावर तिनं कुर्ता झटकला, तेव्हा मला तिचा चेहरा दिसला.

ती पद्मा होती. तिची सकाळची साडी खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेली होती.

पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला साडीशिवाय दुसऱ्या कपड्यांत बघितलं नव्हतं. आणि तिचे गुडघे दुखत नव्हते.

मी दार ढकलून आत गेलो. सगळे एकदम गप्प झाले. शाळेत मी वर्गात शिरल्यावर पोरं व्हायची तसे. ते मला आवडायचं, तेव्हाही आवडलं.

"वा!" मी म्हणालो. "छान चाललंय. चोरून व्यायाम! आणि व्यायाम तरी कसला? खुर्चीत बसायचं, जमिनीवर लोळायचं आणि उठायचं. सहा महिन्यांची पोरं करतात हे. याच्यासाठी माझा वर्ग सोडला?"

 पद्मा माझ्याकडं बघत होती. घाबरलेली नव्हती. आत्तापर्यंतच्या सगळ्या वर्षांत माझ्याकडं एवढं सरळ तिनं बघितलं होतं की नाही, मला आठवेना.

"बसा सर," सिस्टर म्हणाल्या. "पाणी आणू?"

"मला पाणी नको. मला उत्तर पाहिजे."

"मग एकदा करून दाखवा ना," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. पेशंटला जीभ दाखवा म्हणावं तितक्या साधेपणानं म्हणाल्या. "सोपं आहे म्हणता, तर आमचं काय चुकतं ते आम्हाला कळेल."

मी चपला काढल्या. सतरंजीच्या मध्ये गेलो. खाली बसायला गेलो तर गुडघे अर्ध्यात अडकले आणि शेवटचं वीतभर अंतर मी धपकन आपटलो. ठीक आहे, म्हटलं. पाय लांब केले, आडवा झालो. छताला पंखा फिरत होता. मग उठायला गेलो.

उठता आलं नाही.

आधी वाटलं, नीट जोर लावला नाही. पोटाला ताण देऊन पुन्हा उठायला बघितलं. डोकं वर आलं आणि परत टेकलं. कुशीवर झालो, कोपर टेकवलं, कोपर सरकलं. चार वर्षं मी जमिनीवर बसलो नव्हतो. जेवायला टेबल होतं, संडासला कमोड होता, मैदानावर मी उभा राहून शिट्टी वाजवायचो. दोन वर्षांत एकही व्यायाम मी स्वतः केला नव्हता, नुसते आकडे मोजले होते. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"पद्मा, हात दे," मी म्हणालो.

ती जागची हलली नाही. "इथं हात द्यायचा नाही, असं ठरलंय."

"पद्मा!"

"खुर्ची देते," ती म्हणाली, आणि खुर्ची माझ्यापुढं आणून ठेवली. मग परत जाऊन आपल्या जागी बसली.

अक्काताई पुढं आल्या. वाकल्या नाहीत, माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. "सर, असं न्हाई. घाई करू नका. आधी पुरतं कुशीवर व्हा. हां. आता वरचा हात पुढं टेका. आता रांगल्यासारखं. लाजायचं न्हाई."

मी रांगलो. सव्वीस माणसांसमोर, माझ्या बायकोसमोर. खुर्चीवर हात ठेवून पहिल्यांदा उठताना पाय लटपटला आणि पुन्हा गुडघ्यांवर आलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा उभा राहिलो आणि त्याच खुर्चीत बसलो. शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुमच्या वर्गात सव्वा महिना मी उड्या मारल्या," अक्काताई म्हणाल्या. "मग न्हाणीत पडले. अडीच तास गार फरशीवर. आता पडल्यावर उडी काय कामाची, सर? उठायचं कसं, ते कुणी शिकवलंच न्हवतं. सिस्टर दवाखान्यात भेटायला आल्या तवा मी त्यांना म्हणाले, मला एवढं एकच शिकवा. असा झाला हा वर्ग."

"पण माझा वर्ग तुम्ही आधीच सोडला होता," मी म्हणालो. अजूनही मला मुद्दा जिंकायचा होता.

अक्काताईंनी सिस्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "त्या दिवशी हात वर केला तवा माझं लुगडं ओलं झालं होतं. उडी मारली की होतं. तुम्ही सगळे हसला."



"निम्म्या बायकांचं हेच आहे," सिस्टर म्हणाल्या. "सांगत नाहीत, यायच्या बंद होतात. इथं बाथरूमचं दार उघडं असतं. उठायचं, जायचं, यायचं. विचारायचं नाही. आणि सकाळी सहाला घरातला चहा, नातवंडांचे डबे कोण करणार? म्हणून अकरा वाजता. कुणी दोनदा आलं नाही तर आम्ही कुणीतरी दोघीजणी त्यांच्या घरी चहाला जातो. का आला नाहीत, असं विचारत नाही. चहा पितो आणि येतो. पुढच्या वेळी ते येतात."

माझ्याजागी दुसरा कुणी असता तर तिथं गप्प बसला असता. मी म्हणालो, "पहिल्या तारखेला मला चाळीस माणसं लागतात. पत्रिका छापलीय."

एका म्हाताऱ्यानं खाली मान घातली. हसू दाबायला घातली होती, ते मला दिसलं. अक्काताई म्हणाल्या, "आम्ही कवायत न्हाई हो करत."

निघायला हवं होतं, पण उठायची मला भीती वाटत होती. खुर्चीवरूनसुद्धा. थोड्या वेळानं मी सिस्टरांना विचारलं, "मी आलो तर चालेल? शिकवायला नव्हे. असाच."

"मी एकटी कशी सांगू? सगळ्यांना विचारते," त्या म्हणाल्या आणि खरंच एकेकाला विचारत गेल्या. कुणी मान हलवली, कुणी येऊ देत म्हणालं. अक्काताई म्हणाल्या, "येऊ देत की. त्यांना गरज हाय." ज्या माणसाचं मी मैदानभर हसं केलं होतं, त्याच माणसाच्या आवाजात एवढी स्वच्छ कीव मी त्याआधी ऐकली नव्हती.

शेवटी पद्माची पाळी आली.

"नको," ती म्हणाली.

सिस्टर थांबल्या. "पद्माताई?"

"ते आले तर मी येणार नाही. घरात चोवीस तास मी त्यांचं ऐकते. हा तास माझा आहे."

ती ओरडली नाही, रडली नाही. आमटीत मीठ आहे की नाही ते सांगावं तसं बोलली.

"मग नाही, सर," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला या. तेव्हा मी एकटी असते. कुणाला बरोबर आणायचं असेल तर आणा."

एक ऑक्टोबरला मैदानावर नऊजणांनी कवायत केली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना फरक पडत नव्हता, त्यांनी पत्रिका वाचलीच नव्हती. पोतदार पहिल्या ओळीत हसत होते. मी त्याच्या आदल्या आठवड्यापासून मंगळवार-गुरुवार सिस्टरांकडं जायला लागलो होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त खुर्चीतून उठून बसायला लावलं, दहा वेळा, आणि सातव्या वेळी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. पुढं पोतदारही आले. त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमलं. दिवाळीनंतर मी सकाळचा वर्ग बंद केला आणि फळा ओल्या फडक्यानं पुसला. खडू बरेच दिवस उन्हात राहिल्यानं नावं पुसली तरी फिकी दिसत होती. दोनदा पुसावा लागला.

आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. जमिनीवरून उठतो, एका हातानं. सिस्टर चार वर्षांपूर्वी गेल्या. अकरा वाजताचा वर्ग पद्मा घेते. तिथं मी अजूनही गेलेलो नाही.

त्या सोमवारी घरी परत येताना आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही, आणि त्यानंतरही त्या विषयावर बरेच दिवस नाही. फळा पुसून आलो त्या दिवशी मी हात धुतले आणि ती भाजी चिरत होती तिथं जाऊन उभा राहिलो.

"सव्वा वर्ष," मी म्हणालो. "सव्वा वर्ष स्वाध्याय म्हणून सांगत होतीस."

"हो."

"एकदा तरी सांगायचंस. मी काय नको म्हणालो असतो?"

"नाही," ती म्हणाली. सुरी थांबली नाही. "तुम्ही शिकवायला आला असता."